सातव्या सिंफनीतला कुत्रा

"हे तू लिहिलंस, पापा? शुद्धीत होतास ना?" आई ओरडली. "शाळेतल्या पोरांच्या बँडनं पण हे तुझ्या तोंडावर फेकलं असतं!"

"तेच तर हवंय," देदा म्हणाला आणि चहात जॅम ढवळत बसला.

"काय हवंय? लोकांनी हसावं?"

"हळू बोल, रिम्मा. शेजारच्यांना वाटेल मी परत लग्न करतोय."

ते शेवटचं पान पियानोवर मीच वाजवलं होतं, त्यामुळे आईचा निम्मा राग माझ्याकडे वळला. "आणि तू रे? असलं वाजवताना लाज नाही वाटत? बोटं बघ स्वतःची. हमालाची झालीत."

"हमालच आहे मी."

खोटं नव्हतं. संगीतशाळा सोडल्यापासून मी पियानो उचलणाऱ्यांच्या टोळीत आहे. खांद्यावर पट्टे घ्यायचे आणि जिन्यानं वर चढायचं. शाळेत पियानोनं माझं डोकं खाल्लं, आता पाठ खातो. त्यातल्या त्यात पाठ बरी. आई संगीतशाळेत शिकवते, म्हणजे मी तिचं नाक कुठं कापलं ते बघा. माझ्या सरांना मी "तुम्हाला ऐकूच येत नाही" असं म्हणालो होतो. त्यांना खरंच ऐकू येत नव्हतं.

"ग्लेब, तिला परत वाजवून दाखव," देदा म्हणाला. "शेवटचं. जोरात."

मी वाजवलं. धाड धाड धाड. कवायतीचा मार्च, वर ट्रम्पेट, खाली ढोल, मध्ये सगळे मिळून एकच सूर आपटतायत. आईनं कानांवर हात ठेवले आणि तसेच मध्येच खाली घेतले.

"पापा," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "हा कुत्रा आहे?"

"कुत्रा आहे," देदा म्हणाला. मग आई खाली बसली आणि तिनं त्याचाच चहा ओढून घेतला.

देदा म्हणजे आईचा बाप, इनोकेंती साविच बेलोझोरव. धरणाच्या गाण्यावाला. ते गाणं लेनिनग्राडमध्येच काय, जिथं म्हणून रेडिओ आहे तिथं लोकांना पाठ आहे, सुट्टीच्या दिवशी सकाळी उठवायला तेच लागतं. शाळेत मला पुढं उभं करून सांगायचे, हा त्यांचा नातू बरं का, आणि मी मुद्दाम बेसूर गायचो. त्या धरणानं देदाला हे घर दिलं, पदकं दिली, उन्हाळ्यात पाइनच्या जंगलात राहायला लाकडी बंगली दिली. मग हृदयाचा पहिला झटका आला आणि त्यानंतर देदा वेगळंच लिहायला लागला. कमी कमी. पानावर सूर इतके थोडे, की नक्कल करणारी बाई विचारायची, "इनोकेंती साविच, हे संपलंय की शाई संपली?" एक व्हायोलाचं काम झालं, एक चार तारवाद्यांचं, मग काही गाणी, ज्यांत गायिका अर्धा वेळ गप्प उभी असते. ती कुणी फारशी वाजवली नाहीत. वाजवली की लोक खोकायचे. मग पेपरात यायचं, या वयात उस्तादांकडून आम्हाला उजेडाची अपेक्षा आहे. देदा म्हणायचा, "धरण बांधून दिलं ना, वीज तिथनं घ्या म्हणावं."

आणि आता ही सातवी सिंफनी. तिच्या शेवटच्या भागात एक धून सुरू होऊ बघते आणि थांबते. परत सुरू होते, आणखी आधीच थांबते. मग नुसते चेलो एक सूर धरून बसतात आणि तोही विरत जातो. संपलं. पहिल्यांदा वाजवली तेव्हा मला डोक्यानं काही कळलं नाही. पण आपण पियानो पार वरच्या मजल्यावर नेतो, टेकवतो, खांद्यावरचा पट्टा काढतो, आणि त्यानंतर एक क्षण असा असतो की हात आपले नसतात, कुणी शिवी दिली तरी राग येत नाही. मला, राग येत नाही! तसं होतं ते.

देदाला ती ऐकायची होती. बाकी काही नको होतं. "मला ती एकदा हॉलमध्ये ऐकायचीय," तो म्हणायचा, "माणसांच्या श्वासासकट. मग करा काय करायचं ते." डॉक्टरीणबाई आईला बाहेरच्या खोलीत नेऊन म्हणाली होती, पुढच्या हिवाळ्याचं काही ठरवू नका. दाराला कान लावून मी ऐकलं. देदानंही ऐकलं असणार, कारण तो माझ्या मागेच उभा होता.

पण कुठलंही नवं काम ऑर्केस्ट्राकडे जायच्या आधी समितीला वाजवून दाखवावं लागतं, एका पियानोवर, चार हातांनी. समिती म्हणजे त्याच धंद्यातली माणसं, टेबलाच्या त्या बाजूला बसलेली. आणि त्यांना काहीतरी काढायला सांगावंच लागतं, नाहीतर दिवस फुकट गेल्यासारखं वाटतं. म्हणून कुत्रा. तो सगळेच ठेवतात, चित्रवाले, सिनेमावाले, नाटकवाले. कामात मुद्दाम एखादी अशी ओंगळ गोष्ट बसवायची की आंधळ्याला पण खुपेल. समिती सगळी मिळून त्या कुत्र्यावर तुटून पडते. आपण थोडं भांडायचं, छातीवर हात ठेवायचा, मग हुंदका गिळून म्हणायचं, बरं, तुमच्यासाठी काढतो. कुत्रा बाहेर, घर शाबूत. देदानं तरुणपणी एका कामात दोन झायलोफोन घातले होते, ते काढायला लावले आणि त्या भानगडीत एक अख्खं शोकगीत सहीसलामत सुटलं. त्याचा कुत्रा कधीच घरात राहिला नव्हता.

"फार मोठा झालाय हा कुत्रा," आई म्हणाली.

"काम पण मोठं आहे. लहान कुत्रा दिसणार नाही त्यांना."

चार हात म्हणजे दोन देदाचे आणि दोन कुणाचे तरी. ज्या चांगल्या वाजवणाऱ्यांना विचारलं, त्या सगळ्यांना एकाच आठवड्यात सर्दी झाली. राहिलो मी.

दाखवायच्या दिवशी रस्त्यावर नुसता चिखल-बर्फ. देदानं गोळी जिभेखाली ठेवली आणि माझा दंड धरून जिना चढला. आत लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, ताटलीत चॉकलेटं. मधोमध अध्यक्ष, पोर्फिरी देनिसोविच क्रुग्ल्याक. एके काळी देदाकडंच शिकायचा. शेजारी ताइसिया मार्कोव्हना, त्या पेपरात उजेड मागणाऱ्या बाई, डोक्यावर फरची टोपी, ती आतही काढत नाहीत.

"आणि हा?" बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं.

"माझा डावा हात," देदा म्हणाला. "जरा खाली वाजवतो."

आम्ही वाजवलं. मला खालचे सूर, म्हणजे बराच वेळ काम नाही, म्हणून मी माणसं बघत होतो. पहिल्या भागात क्रुग्ल्याकनं पेन्सिलीला टोक केलं. दुसऱ्यात एकानं चॉकलेटाचा कागद इतका हळू उलगडला की त्याचा जास्त आवाज झाला. शेवटच्या भागात धून थांबली, परत थांबली, आणि ताइसिया मार्कोव्हनांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, घराजवळचा स्टॉप आला का बघावं तसं. मला वाटलं उठावं आणि ती टोपी खिडकीतून भिरकावून द्यावी. देदा शेजारी हळू श्वास घेत होता. चेलोंचा तो सूर मी दाबून धरला. विरला.

मग आम्ही कुत्रा सोडला.

धाड धाड धाड. मी जीव खाऊन आपटला. आपटता आपटता टेबलाखाली बघितलं तर क्रुग्ल्याकचा बूट हलत होता. ठेक्यात. आधी नुसतं टोक, मग अख्खा पाय. मी देदाला कोपर मारलं, पण तो दोन्ही हातांनी ट्रम्पेट वाजवत होता.

संपलं आणि क्रुग्ल्याक उभा राहिला. डोळे पुसत होता, देवाशपथ.

"इनोकेंती साविच! परत आलात! आम्ही तर समजलो होतो की तुम्ही त्या अंधारातून आता..."

"म्हणजे तो अंधार यासाठी होता!" ताइसिया मार्कोव्हना म्हणाल्या. "आता कळलं. सुरुवातीला मी म्हटलं, परत तेच. पण शेवट! काय तो शेवट!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देदा तोंड उघडं टाकून बसला होता. त्यानं रडायची, भांडायची, सगळी तयारी केली होती, पण ती कुत्रा वाचवायची. आता त्याला उलट्या बाजूनं भांडायचं होतं.

"मला जरा शंका आहे," तो सावकाश म्हणाला. "शेवट... थोडा ओबडधोबड वाटत नाही?"

"ओबडधोबड! ऐका यांचं!" क्रुग्ल्याक हसला. "वर्गात पण असेच होते हे. स्वतःवर नेहमी कडक."

"ट्रम्पेट फार आहेत. एवढी माणसं कुठून आणणार?"

"फौजेच्या बँडमधून आणू. मी स्वतः बोलतो."

"लांबलंय."

"उलट!" बाई म्हणाल्या. "ऐकताना वाटतं अजून हवं होतं. काढायचंच तर आधीचं थोडं काढा. ते धून-थांबते, धून-थांबते."

"ते नाही," देदा इतक्या पटकन म्हणाला की सगळ्यांनी वळून बघितलं. मग त्यानं आवाज खाली आणला. "ते राहू द्या. अंधारासाठी."

"बरं, बरं. अंधारासाठी राहू द्या."

माझ्यानं राहवलं नाही. "पण ते शेवटचं घाण आहे!" मी ओरडलो. "तुम्हाला कान आहेत का..." देदानं माझ्या पायावर पाय दिला, टाचेनं.

"हाच ना तो, शाळा सोडलेला?" ताइसिया मार्कोव्हनांनी क्रुग्ल्याकला विचारलं, मी तिथं नसल्यासारखं.

एकमतानं मंजूर. एक सूरही न काढता. देदाच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

घरी येऊन देदा कोट न काढताच दिवाणखान्यात बसला. आईनं त्याचं तोंड बघितलं आणि बार्लीचं सूप गरम करायला ठेवलं. मग देदा हसायला लागला, खांदे हलवत. हसू खोकल्यात गेलं आणि खोकल्यातून बाहेर आलंच नाही.

"चूक माझीच," तो म्हणाला. "कुत्रा इतका सोयीचा करायचा नसतो. जरा चावरा करायला पाहिजे होता."

"मग काढून टाक ना!" मी म्हटलं. "सिंफनी तुझी आहे. सांग त्यांना, नाही देत."

"मग ती वाजणार नाही."

"नाही वाजली तर नाही वाजली!"

"तुझं ठीक आहे, ग्लेब," देदा म्हणाला. चिडून नाही, नुसतंच. "तू वाट बघू शकतोस."

मी हातातली टोपी भिंतीवर फेकली आणि बाहेर गेलो. त्या दिवशी एका दातांच्या डॉक्टरकडं मोठा पियानो चढवायचा होता. तो मी असा चढवला की टोळीतले म्हणाले, काय रे, कुणाचा सूड घेतोयस?

परत आलो तर वाग्राम तिग्रानोविच आले होते. सिंफनी हेच चालवणार, छडी यांच्या हातात. आर्मेनियन माणूस, कोटाच्या एका खिशात सुकी जर्दाळू, दुसऱ्यात कोन्याकची बाटली, आणि डॉक्टरांनी देदाला बंद केलेलं सगळं त्यांना एका दमात पाठ.

"इनोकेंती-जान," ते म्हणत होते, "माझं ऐक. त्या दिवशी छडी कुणाच्या हातात? माझ्या. चेलो संपले की मी छडी खाली ठेवतो, वळतो, वाकतो. संपलं. मार्च कुठाय? मला काय माहीत कुठाय. पानं चिकटली होती म्हणू."

"आणि दुसऱ्या दिवशी तुझा ऑर्केस्ट्रा कुणाच्या हातात?"

वाग्राम तिग्रानोविच जर्दाळू चघळत राहिले.

"तुझ्या मुलींची लग्नं व्हायचीत, वाग्राम. हे नको. मला भांडायचं नाही आता. तुला पण भांडायला लावायचं नाही. वाजव जसं लिहिलंय तसं, कुत्र्यासकट. ज्यांना ऐकू येतं त्यांना कळेल."

"काय कळणार?" मी मध्ये पडलो. "लोक घरी जाताना काय गुणगुणणार, सांग? तो कुत्राच! आमच्या टोळीतला म्हातारा पण परवा गुणगुणत होता, माझ्याकडून ऐकून! तुझं आणखी एक धरण होईल."

"ग्लेब!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

ते देदाला लागलं. मला दिसलं, त्यानं जर्दाळू उचलली होती ती परत ठेवली.

कार्यक्रम आज संध्याकाळी, म्हणून काल सकाळी शेवटची तालीम होती. देदा पहिल्या रांगेत बसला, गुडघ्यावर पांघरूण, शेजारी मी. वाजवणारे आधी कंटाळलेले होते, बर्फातून आलेले, कुणी बूट काढून पाय चोळत होतं. मग शेवटचा भाग आला. धून थांबली. परत थांबली. चेलो विरले आणि कुणी हललंच नाही. एका व्हायोलावाल्या बाईनं गज तारेवरून उचललाच नव्हता, ती तशीच बसली होती. देदानं डोळे मिटले होते आणि त्याचा चेहरा, काय सांगू, पट्टा खांद्यावरून काढल्यासारखा. मग वाग्राम तिग्रानोविचनी छडी वर केली आणि फौजेच्या बँडवाल्यांनी धाड धाड सुरू केलं. त्यांची काय चूक? ते खूश होते, गाल फुगवून वाजवत होते.

देदा उठला. "बाहेर ने मला. कोंडल्यासारखं होतंय."

मी त्याला धरून बाहेर नेलं. दार जाड आहे, आतून पॅड लावलेलं. बंद झालं आणि कुत्र्याचा आवाज असा झाला, की वरच्या मजल्यावर कुणीतरी गालिचा झोडपतंय. आम्ही कोट ठेवायच्या जागी बाकावर बसलो. तिथली बाई विणत होती, तिनं विचारलं, "संपलं का?"

"हो," देदा म्हणाला. "माझं संपलं."

तो बराच वेळ दाराकडं बघत बसला. मग त्यानं मला विचारलं, "माझ्या खुर्चीपासून इथं यायला मला किती वेळ लागला?"

"पुष्कळ. गोगलगायीसारखा चालतोस."

"मग थोडी विश्रांती लिहावी लागेल," तो म्हणाला, आणि मला लगेच कळलं नाही.

तालीम संपल्यावर तो वाग्राम तिग्रानोविचना आतल्या खोलीत घेऊन गेला. स्वरलिपीत, चेलोंच्या शेवटच्या सुरानंतर आणि मार्चच्या आधी, त्यानं एक विरामाचं चिन्ह काढलं. एवढंसं, वर अर्धगोल, आत ठिपका. त्याचा अर्थ थांबा, आणि किती थांबायचं ते छडीवाला ठरवेल. समितीला विचारायची गरज नाही, असली चिन्हं शेवटच्या तालमीत सगळेच टाकतात.

"मी उठणार," देदा म्हणाला. "ग्लेब मला धरणार. आम्ही मधल्या वाटेनं जाणार. दार लागेपर्यंत तू थांब."

वाग्राम तिग्रानोविचनी त्या चिन्हावर बोट ठेवलं. "सगळा हॉल तुझी पाठ बघत बसेल, इनोकेंती-जान. शांततेत."

"बघू दे."

"तोच शेवट होईल."

"हळू बोल. क्रुग्ल्याक कॉरिडॉरमध्ये आहे."

वाग्राम तिग्रानोविचनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळावर ओठ टेकले. "छडी वर धरून उभा राहीन. हात गळून पडला तरी. तुझं दार लागल्याशिवाय एक ट्रम्पेट वाजणार नाही."

घरी आईला सांगितलं तेव्हा स्फोट झाला.

"पहिल्या रांगेतून? क्रुग्ल्याकच्या शेजारून उठून? पापा, तो काय म्हणेल?"

"म्हणेल, म्हातारा लघवीला गेला."

"आणि त्याला कळलं तर?"

"तर मला काय करणार तो, रिम्मा? सांग ना. माझं काय राहिलंय घ्यायचं?"

"माझी नोकरी राहिलीय!" आई म्हणाली. "हा पोरगा राहिलाय, याचं आधीच वाटोळं झालंय! आणि तू वाटेत पडलास तर? त्या शांततेत, सगळ्यांसमोर?"

"मी धरीन," मी म्हटलं.

"तू गप्प बस!"

"मी पियानो धरतो, आई. देदा काही पियानोपेक्षा जड नाही."

ती माझ्याकडं वळली आणि मला वाटलं आता एक कानाखाली बसणार. पण ती आत गेली. रात्री उशिरापर्यंत तिच्या खोलीतून काही आवाज आला नाही. आज सकाळी बघतो तर देदाचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर, आणि माझे बूट पुसलेले. टाचांना तिनं रबराचे तुकडे चिकटवले होते, चालताना वाजू नयेत म्हणून. देदाच्याही. बोलत मात्र नाहीये, दोघांशीही.

दुपारी आम्ही घरातल्या घरात चालून बघितलं. पलंगापासून पियानोपर्यंत, पियानोपासून दारापर्यंत. आरशाशी देदाला थांबावं लागलं, भिंतीला टेकून. ओठ निळे झाले होते. मी म्हटलं, नको जाऊ या, रेडिओवर लागेल तेव्हा ऐकू. त्यानं शिवी दिली, मला ठाऊकच नव्हतं त्याला ती येते.

"वाटेत थांबावं लागलं तर थांबू," तो म्हणाला. "वाग्राम धरेल."

"आणि कुणी टाळ्या वाजवायला लागलं तर? संपलं समजून?"

"तर बरंच की," देदा म्हणाला आणि डोळे मिटून पडला.

मला ते पटत नाही. टाळ्या वाजल्या तर क्रुग्ल्याक लगेच मागं वळून बघेल, मग त्याला कळेल, आणि मग आईचं काय, वाग्राम तिग्रानोविचचं काय? आणि नाही वाजल्या तर एवढा सगळा हॉल खोकणार. मी दोन्हीचा विचार करून थकलो. काय करायचं ते मला माहीत नाही, फक्त कुठल्या दंडाला धरायचं ते माहीत आहे, डाव्या, कारण उजव्या हातानं तो खुर्च्यांच्या पाठी धरतो.

खाली टॅक्सी हॉर्न वाजवतेय. देदा कोट घालून दारात उभाय आणि आई त्याचा मफलर परत सोडून परत बांधतेय. मला आता निघायला पाहिजे.